दुसऱ्या खांबापाशी मोकळा

झारेन परदेशातून खेळून परतला, की सिज्जीवी गावातल्या बँड क्लबाचा बार चालवणारा लेली त्याला एकच प्रश्न विचारायचा, "कितीनं?"

कोण जिंकलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. माल्टाचा फुटसाल संघ बाहेर जातो तो हरायला, हे गावाने मनाशी पक्कं धरलं होतं. उत्सुकता काय ती आकड्याची. झारेन खांदे उडवून आकडा सांगायचा. लेली ग्लास पुसता पुसता म्हणायचा, "मागच्यापेक्षा बरं आहे की," आणि दुधाचा चहा ग्लासात ओतून त्याच्यापुढे सरकवायचा. कोपऱ्यात पत्ते खेळणारी म्हातारी मंडळी मान वर न करता हसायची. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, पण झारेनला तो चहा कधी गोड लागला नाही.

झारेन ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा. मोठ्या फुटबॉलमध्ये त्याला कुणी घेतलं नव्हतं. पाय चपळ, पण अंगापिंडाने किरकोळ. पहिल्याच धक्क्याला बाजूला पडायचा. फुटसालचं तसं नव्हतं. बंद हॉल, लाकडी फरशी, एका बाजूला पाच जण, बॉल लहान आणि जड, फारसा न उसळणारा. तिथे धक्क्यापेक्षा डोकं आणि पायाचा तळवा जास्त कामाला येतो. तेविसाव्या वर्षी त्याला देशाचा शर्ट मिळाला. त्याची आई जुझा तो शर्ट हाताने धुवायची आणि गच्चीवर रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पुढे दोन-चार वर्षांत तिने तो आतल्या दोरीवर घालायला सुरुवात केली. का, ते तिने सांगितलं नाही आणि झारेनने विचारलं नाही.

हरण्याचीही माणसाला सवय होते म्हणतात. झारेनला झाली नाही. एकदा उत्तरेकडच्या एका थंड देशात त्यांचा संघ दोन आकडी गोलांनी मागे होता, आणि अगदी शेवटी झारेनने एक गोल केला. अख्खा हॉल उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. लहान मूल जिना चढून आलं, की घरातली माणसं वाजवतात तशा. सोबतच्या पोरांनी हात वर करून त्या टाळ्या घेतल्या. झारेन मात्र खाली मान घालून आपल्या जागेवर परत गेला. इतके गोल खाल्ल्याची लाज त्याला वाटली नव्हती, तेवढी त्या टाळ्यांची वाटली. त्याच वर्षी जुना कप्तान सोडून गेला आणि दंडावरची पट्टी झारेनकडे आली. घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, हेही खरंच.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग संघात मेरहावी आला.

मेरहावी मूळचा एरिट्रियाचा. विशी गाठायच्या आत बोटीतून बेटावर उतरला, हाल फार नावाच्या ठिकाणी निर्वासितांच्या छावणीत राहिला, मग झेब्बूज गावच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली फरश्या बसवायला शिकला आणि त्याच मिस्त्रीच्या पुतणीशी, ग्रात्सिएलाशी, लग्न करून बसला. माल्टाचा पासपोर्ट हातात पडायला आणखी काही वर्षं गेली. गरीब बिचारा म्हणावं, असं त्याच्यात काही नव्हतं. केसांना तेल चोपडायचा, पांढरेशुभ्र बूट घालायचा, पत्त्यांत बिनदिक्कत फसवायचा, आणि शिव्या इतक्या अस्सल गावठी माल्टी भाषेत हासडायचा की पंचसुद्धा आधी हसायचे आणि मग कार्ड दाखवायचे.

पहिल्याच सरावाला तो झारेनला म्हणाला, "कप्तान, तू बॉल पायाखाली घेतोस आणि मग विचार करत बसतोस. विचार आधी करायचा, बॉल नंतर घ्यायचा."

"आता तू मला शिकवणार?"

"मग काय तू मला शिकवणार? तुमचे आकडे पाहिलेत मी."

बाकीचे फिदीफिदी हसले. कोच स्पिरु शिट्टी तोंडात धरून छताकडे बघत राहिला. झारेनही हसला, पण ते त्याला लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

मेरहावीमुळे आकडे बदलले. दहाबाराने हरणारा संघ दोन-तीनने हरू लागला. मग एक बरोबरी झाली. मग आपल्यासारख्याच एका चिमुकल्या देशाला त्यांनी त्याच्याच हॉलमध्ये हरवलं, आणि परतताना विमानात पोरं इतकी गात होती की हवाईसुंदरीने येऊन दम दिला. झारेन मनापासून गायला. घरी आला, क्लबात गेला. लेलीने चहा ओतला आणि विचारलं, "मेरहावीने किती मारले?"

"तीन."

"वा. आणि तू?"

"मी दोन पास दिले."

"हां," लेली म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कोपऱ्यातून तोनिनकाका बोलले. हे झारेनच्या वारलेल्या वडिलांचे चुलतभाऊ. दगडाच्या खाणीत जन्म गेलेला, क्लबात त्यांचा शब्द चालायचा. "काय रे झारेन, माल्टासाठी खेळायला माल्टातली पोरं संपली का?"

टेबलावरचे सगळे हसले. झारेनही हसला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो स्वतःहून म्हणाला, "खेळतो चांगला हो, काका. पण आपला नाही."

"हे बोललास," तोनिनकाका म्हणाले आणि पान टाकलं.

त्या दिवशी त्याला क्लबात बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याला टेबलाशी बोलावून खुर्ची दिली.

पुढच्या हिवाळ्यात पात्रता फेरीचा गट माल्टातच खेळवायचं ठरलं, कॉर्डिनच्या हॉलमध्ये. चार देशांचा गट, त्यातला पहिला पुढे जाणार. माल्टा पुढे कधी गेलाच नव्हता. या वेळी मात्र पहिला सामना जिंकला, दुसराही कसाबसा जिंकला, आणि शेवटच्या सामन्यात जिंकलं तर पुढची फेरी, अशी वेळ आली. समोरच्या संघाचा गोलफरक चांगला असल्याने त्याला बरोबरी पुरेशी होती. एरवी खेळाडूंच्या बायका आणि आया येऊन बसायच्या त्या हॉलमध्ये माणसं पायऱ्यांवर बसली होती. लेली क्लबाला कुलूप लावून आला होता. झारेनची बायको डोरिस सासूला घेऊन अगदी वरच्या रांगेत बसली होती.

तीन-तीन झाले. माल्टाचे तीनही मेरहावीने केलेले. प्रत्येक गोलानंतर हॉल त्याच्या नावाने घुमायचा, आणि झारेन पळत जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचा. तिसऱ्या वेळी थाप मारताना त्याला जाणवलं की आपला हात नुसता रिवाज पाळतो आहे.

शेवटचं मिनिट होतं. समोरच्यांचा एक पास चुकला आणि बॉल झारेनच्या पायात आला. पुढे फक्त गोलकीपर. तो झारेनच्या अंगावर धावून आला, आणि डाव्या अंगाला, गोलच्या दुसऱ्या, लांबच्या खांबापाशी, मेरहावी पोचला होता. मोकळा. त्याने आरडाओरडा केला नाही. नुसता पायाचा तळवा किंचित उचलून धरला, इथे दे म्हणून. फुटसालमध्ये हे शाळेतल्या पोरालाही येतं. गोलकीपर तुझ्यावर आला, की बॉल पलीकडे ढकलायचा आणि पलीकडच्याने तो जाळीत सारायचा.

झारेनने मान वळवली आणि त्याला पाहिलं. नीट पाहिलं. आणि त्या क्षणात एक गोष्ट त्याच्या मनात आली, शब्दांत नाही, पण स्पष्ट: हाही त्याचाच होणार.

त्याने स्वतः मारलं. गोलकीपरच्या बुटाला लागून बॉल बाहेर गेला. घड्याळ संपलं. बरोबरी झाली, आणि माल्टा बाहेर.

सगळे कपडे बदलायच्या खोलीत गेले. कोच स्पिरु आला, झारेनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कप्तान आहेस. जबाबदारी अंगावर घेतलीस. कुणी तुला बोट दाखवणार नाही." बाकीच्यांनी एकेक करून त्याला मिठी मारली. मेरहावी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. तिची गाठ बसली होती. तो ती नखांनी उकलत राहिला, आणि उकलल्यावर बूट पिशवीत टाकून, कुणाकडे न बघता, गेला.

बाहेर लोकांनी झारेनला घेरलं. आजवर हरल्यावर त्याला कुणी इतक्या प्रेमाने भेटलं नव्हतं. "शेवटपर्यंत झुंजलास," "नशीब रे, बुटाला लागला," "छातीचा आहेस." एका बाईने त्याचा हात हातात घेऊन मुका घेतला. तो प्रत्येकाला "हो, हो," म्हणत होता.

रविवारी टीव्हीवर तो सामना पुन्हा दाखवत होते. चर्च सुटल्यावर माणसं क्लबात जमली. फुटसाल बघायला तिथे कुणी जमण्याची ती पहिलीच वेळ. झारेनला जायचं नव्हतं, पण लेलीने माणूस पाठवला, "हिरो नसेल तर मजा काय?" म्हणून. तोनिनकाकांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. मालवाहू ट्रक चालवणाऱ्यांपासून बँडच्या ढोलवाल्यापर्यंत सगळे होते.

शेवटचं मिनिट आलं, तेव्हाच जुझा दारात आली. हातात पर्स, डोक्यावर चर्चचा रुमाल. शेगडीवर सशाचं मांस शिजत होतं आणि ती मुलाला जेवायला बोलवायला आली होती. पडद्यावर मुलगा दिसला म्हणून दारातच थबकली.

"अरे," ती म्हणाली, "तो तिकडे मोकळाच उभा होता ना. त्याला का नाही दिलास?"

तिला खेळातलं काही कळत नव्हतं. बारा-चौदा वर्षं ती टाळ्या कधी वाजवायच्या ते डोरिसकडे बघून ठरवायची. प्रश्न तिने पोराला भाजी का नाही घेतलीस विचारावं, तसा विचारला होता.

लेली म्हणाला, "मावशी, एवढ्या गडबडीत दिसतं कुठे?"

"दिसला नाही, आई," झारेन म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर तोच क्षण पुन्हा, सावकाश दाखवला. झारेनची मान वळली. थांबली. परत पुढे आली. आपण इतका वेळ पाहिलं होतं, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"पण तू बघितलंस की," जुझा म्हणाली.

बँडच्या ढोलवाल्याने बशीतली पास्तिझीची खारी करंजी उचलली आणि परत ठेवली. तोनिनकाका म्हणाले, "जुझा, जा बाई, तुझा ससा करपेल."

दोघं घरी निघाली. वळणावर म्हणाली, "मला मेलीला त्यातलं काय कळतंय. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. चुकलंच माझं."

आणि झारेन म्हणाला, "हो."

घरी सगळे जेवायला बसले. त्याने मारलेला तो बॉल एकवेळ माफ करता आला असता. पण आईला, जिने तेवढं एक बरोबर पाहिलं, तिला त्याने चुकीचं ठरवलं होतं. ती निमूटपणे त्याच्या पानात बटाटे वाढत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो मेरहावीला शोधत मोस्ताला गेला. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर मेरहावी गुडघ्यांखाली स्पंजचा तुकडा घेऊन फरश्या बसवत होता. त्याने झारेनला पाहिलं आणि हातातली फरशी सिमेंटवर टेकवून रबरी हातोडीने ठोकली.

"पाय ठेवू नकोस तिकडे. ओली आहे."

झारेन दारातच उभा राहिला. "मेरहावी, मी तुला पाहिलं होतं."

"माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होतो."

"मग बोलला का नाहीस? त्या खोलीत सगळे होते. कोच होता."

मेरहावीने हातोडी खाली ठेवली. "काय बोलू? कप्तानाने मुद्दाम दिला नाही म्हणून? त्यांनी विचारलं असतं, तुला काय माहीत. आणि मग पुढच्या सामन्यात मला बॉल कुणी दिला असता? मला खेळायचं आहे. म्हणून गप्प बसलो. तुझ्यावर उपकार करायला नाही, ते डोक्यातून काढून टाक."

झारेनने तेच धरलं होतं. मेरहावीने मोठ्या मनाने झाकून घेतलं, असं. तो एवढासा आधारही गेला.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"मला कशाला विचारतोस? मी काय पाद्री आहे?" मेरहावीने फरशीच्या कडेचं सिमेंट बोटाने निपटून काढलं. मग म्हणाला, "'पण आपला नाही.' तुमच्या क्लबात बोलला होतास ना? ग्रात्सिएलाचा मामा तिथे पत्ते खेळतो. जिथे बोललास तिथे जाऊन सांग. मला सांगून काय होणार? मला तर माहीतच आहे."

झारेनचे कान तापले. इतके महिने हा माणूस आपल्या शेजारी बसून कपडे बदलत होता, पाठीवरची थाप घेत होता, आणि त्याला ते वाक्य शब्दन् शब्द ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तो क्लबात गेला. नेहमीची मंडळी होती. तो बसला नाही. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "काका, आई काल म्हणाली ते खरं आहे. मेरहावी मला दिसला होता. मी त्याला मुद्दाम बॉल दिला नाही. नाहीतर आपण पुढे गेलो असतो."

त्याने मनाची तयारी करून ठेवली होती. शिव्या बसतील, लेली चहा देणार नाही, कुणीतरी बाहेर हो म्हणेल. तसं झालं असतं तर त्याला हवंच होतं.

तोनिनकाकांनी हातातले पत्ते उपडे ठेवले. डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा दंड थोपटला.

"बरं केलंस," ते म्हणाले.

कुणीतरी हलकेच हसलं. दुसरा म्हणाला, "अरे, हरायची तर सवयच आहे आपल्याला. निदान आपल्या हाताने हरलो." लेलीने काउंटरमागून चहा ओतून पुढे सरकवला, न मागता. खुर्ची आधीच ओढून ठेवलेली होती.

झारेन तिथे उभा होता. आपण ह्यांच्यासाठीच ते केलं, हे त्याला तेव्हा कळलं. ह्या खुर्चीसाठी. त्याला ओरडून काहीतरी बोलायचं होतं. पण तोनिनकाका त्याच्या बापाच्या जागी होते. तो एवढंच म्हणाला, "नाही काका, बरं नाही केलं," तेही इतकं पुटपुटत की पत्ते पिसण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. चहा तसाच सोडून तो बाहेर पडला.

घरी आई गच्चीवरून वाळलेले कपडे काढत होती. त्याने तिच्या हातातली टोपली घेतली आणि म्हणाला, "आई, तू चुकली नव्हतीस. मी बघितलं होतं त्याला."

जुझाने चिमटे एप्रनच्या खिशात टाकले. "मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "पण तू 'हो' म्हणालास, तेव्हा वाटलं, असेल माझंच चुकत." ती रागावली नाही. जिना उतरताना मात्र रोजच्यासारखा तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला नाही, कठड्याला धरून उतरली.

पुढच्या सरावाला मेरहावीने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

झारेन बुटाकडे बघत राहिला. मेरहावीने थोडा वेळ वाट पाहिली, मग मान डोलावली आणि पळायला गेला. उत्तर त्याला न सांगताच मिळालं होतं.

झारेनने कोचला सगळं सांगून पट्टी परत केली. स्पिरु वैतागला. "मला कशाला सांगितलंस हे? आता मला उगाच ते घेऊन फिरावं लागणार." पट्टी त्याने मेरहावीला दिली नाही, गोलकीपरला दिली. आणखी एक मोसम झारेन खेळला. मेरहावीला बॉल द्यायला लागला तो इतका, की एकदा मेरहावीच ओरडला, "अरे, गोल समोर आहे, मार की तू." दोघांची मैत्री झाली नाही. सामन्याच्या वेळी बोलायचे, बाहेर भेटले तर हात वर करायचे. पुढच्या पात्रता फेरीत माल्टा तिन्ही सामने हरला, आणि पुढच्या फेरीत जायची वेळ पुन्हा काही आली नाही.

खेळणं सोडल्यावर झारेन कॉर्डिनला एक सामना बघायला गेला, डोरिसला घेऊन. मेरहावी अजून खेळत होता, गुडघ्याला पट्टा बांधून, पूर्वीपेक्षा सावकाश. त्याच्याकडून एक बॉल सुटला. मागच्या रांगेतला एक जाडा माणूस सोबतच्याला म्हणाला, "भाड्याने आणलेली माणसं घेतली की असं होतं."

डोरिसने त्याच्याकडे पाहिलं. तो वळला आणि म्हणाला, "तो आपलाच आहे."

"काय?" त्या माणसाने कानाशी हात नेला. त्याला ऐकू गेलंच नव्हतं. झारेन पुन्हा पुटपुटलाच होता.

झारेनला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.